अर्थशास्त्र केस घेऊन शिकवताना: संत्रा, कापूस, तूर आणि रेपो दर (नागपूर)

पाटीखडू

नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांत बी.ए., बी.कॉम.ला अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी हा धागा. ‘केस (निर्णयाचा एखादा प्रसंग) घेऊन शिकवा’ असं प्रत्येक कार्यशाळेत सांगितलं जातं. प्रत्यक्षात हातात पडतो तो वर्तमानपत्रातला एक परिच्छेद आणि त्याखाली ‘चर्चा करा’. त्यावर चर्चा होत नाही, नुसती मतं येतात. व्यापारी लुटतात, सरकार झोपलंय, शेतकरी भरडला जातो. तास संपतो आणि लवचीकता (भाव बदलला की मागणी-पुरवठा किती हलतो) फळ्यावर आलेलीच नसते.

केसला तीन गोष्टी लागतात. निर्णय घेणारा कुणीतरी, निर्णयाची तारीख, आणि त्या तारखेला त्याला ठाऊक असलेली माहिती, तेवढीच. पुढे काय झालं ते कागदावर नको. सिद्धांताचं नावही नको. वर ‘करभार’ (कराचा बोजा शेवटी कोण सोसतो) असा मथळा दिला की मुलं पुस्तक उघडून व्याख्या वाचून दाखवतात.

नमुन्याला संत्रा घेऊ. पार्श्वभूमी खरी आहे. बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक, आणि २०१९पासून तिथलं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढत गेलं. खालचे आकडे मात्र गणित सरळ सुटावं म्हणून बसवलेले आहेत. बाजारभाव म्हणून ते कुणी पुढे पाठवू नयेत.

केसचा कागद असा: ‘नोव्हेंबर महिना. काटोल-नरखेड पट्ट्यातून रोज ८४ टन संत्रा बांगलादेशाला जातो, भाव किलोला ४४ रुपये. तिकडे भाव १ रुपयाने वाढला की मागणी ४ टनांनी घटते. इकडे बागायतदाराला मिळणारा भाव १ रुपयाने पडला की पुरवठा १ टनाने घटतो. उद्यापासून तिकडे किलोमागे २० रुपये शुल्क लागणार आहे. आज संध्याकाळी व्यापाऱ्याने बागायतदाराला कोणता भाव सांगावा?’

इतकंच. वाहतूक, पेटी, हमाली या पहिल्या कागदात घालू नका.

वर्गातून दोन उत्तरं हमखास येतात: २४ (सगळा बोजा शेतकऱ्यावर) आणि ४४ (शुल्क तिकडे आहे, आपल्याला काय). दोन्ही फळ्यावर लिहायची आणि प्रत्येकाला विचारायचं, ‘या भावाला तिकडे किती माल खपेल? इकडून किती निघेल?’ २४ला तिकडचा गिऱ्हाईक ४४च देतो, म्हणून मागणी ८४ टन, पण इकडून निघतो ६४ टन. ४४ला तिकडे भाव ६४ होतो, मागणी ४ टनांवर येते आणि इकडे ८४ टन तयार असतो. या दोन विसंगती मुलांनी स्वतः काढल्या की मधला भाव शोधायची गरज त्यांना पटते. उत्तर येतं: बागायतदाराला २८, गिऱ्हाइकाला ४८, माल ६८ टन. २० पैकी १६ रुपये बागायतदाराने सोसले, ४ ढाक्यातल्या गिऱ्हाइकाने. शुल्क भरलं तिसऱ्यानेच, तिकडच्या आयातदाराने. कराघात (कर भरतो कोण) आणि करभार हे शब्द इथे फळ्यावर येऊ द्या, त्याआधी नाही.

दुसरा कागद त्याच तासाला, शेवटच्या दहा मिनिटांत: ‘राज्य सरकार किलोमागे १० रुपये निर्यात अनुदान देतं. बागायतदाराला किती पोचेल?’ (२०२३च्या हंगामात राज्यात अशा अनुदानाची घोषणा झाली होती, त्यामुळे प्रश्न हवेतला नाही.) उत्तर: बागायतदाराला ३६, तिकडे ४६, माल ७६ टन. दहातले ८ इथे राहतात, २ तिकडच्या गिऱ्हाइकाकडे जातात. रोजचा अनुदानाचा खर्च ७ लाख ६० हजार. आणि माल वाढल्यामुळे तिकडच्या सरकारचा शुल्काचा गल्ला रोज १३ लाख ६० हजारांवरून १५ लाख २० हजारांवर जातो. ही शेवटची ओळ मुलं विसरत नाहीत.

मृगबहार

केस चांगली आहे, सर. बाजाराच्या बाजूने तीन गोष्टी घालतो, नाहीतर काटोल-वरूडकडची पोरं हा कागद पहिल्याच मिनिटाला खोडून काढतील.

पहिली गोष्ट महिन्याची. नोव्हेंबरचा माल आंबिया बहराचा: फूल जानेवारी-फेब्रुवारीत, तोडा ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहराला फूल पावसाच्या सुरुवातीला येतं आणि फळ फेब्रुवारीनंतर. केसवर महिना लिहिला की बहरही लिहा. पुरवठा १ टनानेच का घटतो याचं कारण तिथेच आहे. फळ पिकलं की झाडावर फार दिवस ठेवता येत नाही, आणि शीतगृहात ठेवायचं तर खर्च वेगळा.

दुसरी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ बागा झाडावरच विकल्या जातात. व्यापारी फळ लहान असताना बाग पाहतो, अंदाज बांधतो आणि अख्ख्या बागेचा ठोक सौदा करतो. सौदा सप्टेंबरात झाला आणि शुल्क नोव्हेंबरात वाढलं, तर त्या हंगामापुरते ते १६ रुपये व्यापाऱ्याच्या अंगावर येतात. बागायतदाराला फटका बसतो पुढच्या हंगामात, नव्या सौद्याच्या वेळी. व्यापारी ठरलेले पैसे द्यायला मागेपुढे पाहतो, माल तोडायला उशीर करतो, हे वेगळं. म्हणून करभार लवचीकतेवर ठरतो हे खरं असलं तरी तो कधी सरकतो हे करारावर ठरतं. केसचा तिसरा कागद करा: ‘सौदा आधीच झाला आहे, इसार दिला आहे. आता?’

तिसरी, दीर्घकाळ. संत्र्याचं झाड साधारण पाचव्या वर्षापासून बरं उत्पन्न देतं. आज भाव पडला म्हणून उद्या बाग कमी होत नाही. पण पाचसहा वर्षं भाव पडलेलेच राहिले तर लोक बागा तोडून दुसरं पीक घेतात.

पाटीखडू

तिसऱ्या गोष्टीचं गणित लगेच बसतं, भाऊ. दीर्घकाळात पुरवठाही दर रुपयाला ४ टनांनी हलतो असं धरा, सुरुवातीचा बिंदू तोच (४४ रुपये, ८४ टन). आता २० रुपये शुल्कावर बागायतदाराला ३४, गिऱ्हाइकाला ५४, माल ४४ टन. बोजा निम्मा-निम्मा झाला, पण व्यापार जवळजवळ अर्धा बुडाला. बागायतदाराचा वाटा १६वरून १०वर आला म्हणजे त्याचं भलं झालं का, असा प्रश्न टाका. त्याचा वाटा कमी झाला कारण पुष्कळ बागा राहिल्याच नाहीत. हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबायला हवं. शिक्षकाने आधी सांगून टाकलं तर केस वाया गेली.

झाडावरच्या सौद्याचा कागद मात्र दुसऱ्या तासाला घ्यावा असं माझं मत. पहिल्याच तासाला करार आणला तर आलेख हरवतो.

दुसरी_बेंच

दोन शंका. वर्गात ११०-१२० मुलं, बाकं जमिनीला ठोकलेली, तास ४८ मिनिटांचा. गट कसे करायचे? दुसरं, विद्यापीठाच्या पेपरात ‘करभार म्हणजे काय ते सांगून त्यावर परिणाम करणारे घटक स्पष्ट करा’ असाच प्रश्न येतो. केस करून मुलांचे गुण घटले तर पालकांना काय सांगायचं?

पाटीखडू

बाकं हलवायची नाहीत, ताई. पुढच्या बाकावरच्यांनी फक्त मागे वळायचं. दोन बाकं मिळून एक गट, चार ते सहा मुलं. १२० मुलांचे वीस-पंचवीस गट होतात आणि वळायला दहा सेकंद लागतात. गटप्रमुख नेमू नका, लेखनिक नेमा. उत्तर एका चिठ्ठीवर, एकच आकडा आणि एकच वाक्य.

वेळ अशी: कागद आदल्या दिवशी द्यायचा, दीड पानापेक्षा मोठा नको. दुसऱ्या दिवशी पहिली ३ मिनिटं प्रश्न मोठ्याने वाचायचा. ८ मिनिटं गटात. ४ मिनिटांत चिठ्ठ्या गोळा करून आकडे फळ्यावर उभ्या रेषेत. १८ मिनिटं त्या आकड्यांवर चर्चा, सर्वांत टोकाच्या दोन उत्तरांपासून सुरुवात. १० मिनिटं आलेख आणि संज्ञा. उरलेल्या ५ मिनिटांत प्रत्येकाची स्वतंत्र चिठ्ठी: ‘बागायतदाराचा वाटा वाढेल अशी एक परिस्थिती लिहा.’ चर्चेची १८ मिनिटं लांबली की आलेखाची १० आधी खाल्ली जातात. हे सर्वांत जास्त वेळा बिघडतं. घड्याळ पाहून चर्चा तोडा, भले ती रंगात आलेली असो.

फळ्याचे तीन भाग आधीच आखून ठेवा. डावीकडे मुलांनी सांगितलेले आकडे, मधे ‘का’, उजवीकडचा भाग आलेखासाठी कोरा. उजवा भाग शेवटपर्यंत पुसायचा नाही, त्यात चर्चेचं काही लिहायचंही नाही.

परीक्षेचं उत्तर सरळ आहे. दुसऱ्या दिवशी घरून चार परिच्छेद लिहून आणायचे: व्याख्या, आकृती, घटक, आणि शेवटी संत्र्याचं उदाहरण आकड्यांसह. हाच पेपरातला उत्तराचा साचा. घटकांच्या परिच्छेदात पुस्तकातली यादी येते, पण प्रत्येक घटकाला केसमधला एक आकडा जोडायचा. मागणी ४ने हलते, पुरवठा १ने, म्हणून बोज्याचा वाटा पुरवठ्याच्या बाजूवर ४ भागिले ५, म्हणजे २० पैकी १६. यादी पाठ करणाऱ्याला सात घटकांतले चार आठवतात, कारण त्यांना धरून ठेवायला काही नसतं.

आलेख

बीजगणिताच्या बाजूला एक चूक वारंवार होते, ती ओळखायची खूण देतो.

मागणी: माल = २६० − ४ × (गिऱ्हाइकाचा भाव). पुरवठा: माल = ४० + (बागायतदाराचा भाव). शुल्काची अट: गिऱ्हाइकाचा भाव = बागायतदाराचा भाव + २०. मुलं ही अट उलटी लिहितात. मग उत्तर येतं गिऱ्हाइकाला ४०, बागायतदाराला ६०, माल १०० टन. फळ्यावर ६० दिसलं की समजावं, पोराने करावर नाही तर अनुदानावर गणित सोडवलं. चूक खोडण्याऐवजी विचारा, ‘कर बसल्यावर विकणाऱ्याचा भाव वाढला आणि मालही वाढला, हे होईल का?’

दुसरी चूक आलेखात. कर म्हटलं की दोन्ही वक्र सरकवतात. दोन्ही सरकवले की कराचा परिणाम दोनदा मोजला जातो. एकच वक्र सरकवा, कोणताही चालेल, किंवा एकही सरकवू नका आणि दोन वक्रांच्या मधे २० उंचीची उभी काठी बसवा. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला काठीची पद्धत जास्त सोपी जाते. काठीच्या उजवीकडचा त्रिकोणही तिथेच दिसतो: अर्धा × २० रुपये × १६ टन, म्हणजे रोजचं १ लाख ६० हजारांचं निव्वळ नुकसान, जे कुणाच्याच खिशात जात नाही.

अक्षांवर एकक लिहायला लावा. टनाचे किलो न केल्यामुळे १६० रुपये असं उत्तर आलेलं पुष्कळ वह्यांत सापडेल.

सीमांत

केसच्या आधी अर्ध्या तासाचा बाजार भरवला तर केस दुप्पट चांगली चालते. ही युक्ती जुनी आहे. हार्वर्डला एडवर्ड चेंबरलिन यांनी वर्गात असा बाजार भरवून १९४८मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे व्हर्नन स्मिथ यांनी त्यात सुधारणा करून प्रयोगाधारित अर्थशास्त्र उभं केलं, त्यांना २००२चं नोबेल मिळालं. चेंबरलिन यांच्या वर्गात मुलं फिरून खासगीत सौदे करत, भाव सर्वांना ऐकू येत नसत, आणि समतोलापेक्षा (मागणी आणि पुरवठा जिथे जुळतात त्यापेक्षा) जास्त सौदे होत. स्मिथ यांनी बोली सर्वांसमोर मोठ्याने लावायला सांगितली. तेवढ्या बदलाने भाव समतोलाकडे येऊ लागला. म्हणून बोली मोठ्यानेच, आणि झालेला प्रत्येक सौदा फळ्यावर.

साहित्य: वीस पत्ते. विकणाऱ्यांच्या दहा पत्त्यांवर खर्च: २०, २२, २४ असं ३८पर्यंत. घेणाऱ्यांच्या दहा पत्त्यांवर किंमत: ४१, ३९, ३७ असं २३पर्यंत. प्रत्येकाकडे एकच नग. खर्चाखाली विकायचं नाही, किमतीच्या वर घ्यायचं नाही. चार-चार मिनिटांच्या तीन फेऱ्या. वर्ग मोठा असेल तर एकेका गटाला एकेक पत्ता द्या, बोली गटातल्या एकाने लावायची.

समतोल: ६ सौदे, भाव ३० ते ३१च्या मधे, एकूण आधिक्य (प्रत्येक सौद्यात घेणाऱ्याची किंमत वजा विकणाऱ्याचा खर्च, त्यांची बेरीज) ६६. चौथ्या फेरीत विकणाऱ्यावर ६ रुपये कर लावा. आता ४ सौदे होतात. कर जमा २४, गेलेलं आधिक्य ६ (बुडालेल्या दोन सौद्यांतले ५ आणि १). पाचव्या फेरीत कर काढा आणि ‘३४च्या खाली विकायचं नाही’ असा नियम लावा, पण सरकार काही विकत घेणार नाही. ३४ला विकायला तयार आठ जण, घेणारे चार. उरलेले चार विक्रेते वर्गात उभे राहतात आणि हमीभाव असूनही खरेदी नसेल तर काय होतं ते शब्दाशिवाय कळतं.

बिघडतं ते इथे: एकमेकांचे पत्ते दाखवतात, सौदा केलाच पाहिजे असं समजून तोट्यात विकतात, पहिल्या फेरीचे भाव विखुरलेले दिसले की शिक्षक घाबरून थांबवतात. पहिली फेरी विखुरलेलीच असते. तिसरीपर्यंत धीर धरा.

सरकी

हमीभावाचा विषय निघालाच आहे तर कापसाची केस घ्या. विदर्भातल्या वर्गात तिला तोड नाही, आणि ‘हमीभाव म्हणजे किमान भाव’ हे पुस्तकी वाक्य तिथेच तपासता येतं.

२०२५-२६चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलला ८११० रुपये, मध्यम धाग्याला ७७१०. पण तो ८ टक्के ओलाव्याच्या मालाला. ८ ते १२ टक्क्यांच्या मधे जेवढा टक्का जास्त तेवढी कपात, १२च्या वर सीसीआय (हमीभावाने खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ) घेत नाही. लांब धाग्याचा माल, ओलावा ११ टक्के: ३ टक्के कपात म्हणजे २४३ रुपये ३० पैसे, हातात ७८६६ रुपये ७० पैसे. ओलावा १३ टक्के: केंद्रावर शून्य. निर्णयाचा प्रश्न: ‘आज खासगी जिनिंगवाला (कापसातून सरकी काढणारा कारखानदार) रोख ७३०० देतो. ओलावा १३. चार दिवस वाळवून केंद्रावर न्यायचा की आज विकायचा?’ (७३०० हा आकडा वर्गासाठी.) मुलांनी धरायच्या गोष्टी: वाळवल्यावर वजन घटतं, घरात जागा लागते, गाडीभाडं दुसऱ्यांदा, पैसे खात्यात यायला दिवस लागतात, सावकाराचं किंवा दुकानदाराचं देणं उभं असतं. संधिखर्च (एक पर्याय घेताना सोडलेल्या दुसऱ्या पर्यायाची किंमत) शिकवायला याहून चांगला कागद मला ठाऊक नाही.

वजनाची घट मोजायला लावाच. १३ टक्के ओलाव्याच्या १०० किलोत कोरडा माल ८७ किलो. ९ टक्क्यांवर आणला तर एकूण वजन ८७ भागिले ०.९१, म्हणजे साधारण ९५ किलो ६०० ग्रॅम. हे न धरता पूर्ण क्विंटलचा हिशेब करणं ही ठरलेली चूक.

याच कापसाचा वरच्या वर्गासाठीचा कागद आयातशुल्काचा. १९ ऑगस्ट २०२५पासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झालं. तारीख २० ऑगस्ट धरा. चार भूमिका: सूतगिरणी, जिनिंग, हिंगणघाटकडचा शेतकरी, वस्त्रोद्योग खात्याचा अधिकारी. गिरणीने परदेशी रुई (सरकी काढलेला कापूस) आज मागवायची का? लांबच्या देशातून जहाज यायला लागणारे दिवस पाहता सहा आठवड्यांची मुदत तोकडी पडते, हे गटाने शोधायचं. मग दुसरा कागद, २८ ऑगस्टचा: मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. आता विदर्भातली वेचणी आणि स्वस्त आयात एकाच वेळी बाजारात. शेतकऱ्याच्या गटाचं उत्तर या क्षणी बदलतं, आणि ते का बदललं ते लिहून घ्यायचं.

एककांचा तक्ता कागदावर छापा. शेतकरी बोलतो क्विंटल कापसात, गिरणी बोलते खंडीत, म्हणजे ३५६ किलो रुईत. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणून एका खंडीला जवळपास साडेदहा क्विंटल कापूस लागतो. सरकीचे पैसे वेगळे धरायचे. हा तक्ता नसेल तर दोन गट वेगवेगळ्या वस्तूंच्या भावावर भांडत बसतात.

धंतोलीचा_वाचक

मला या सगळ्यात एक धोका दिसतो. संत्र्याची केस करून बाहेर पडलेला विद्यार्थी ‘कराचा बोजा शेतकऱ्यावर पडतो’ एवढंच घेऊन जातो. एका प्रसंगावरून नियम बांधण्याची सवय ही अर्थशास्त्राच्या मुळावर येणारी आहे. आकडेवारीत एक निरीक्षण म्हणजे काहीच नाही.

सीमांत

धोका खरा आहे. उपाय म्हणजे प्रत्येक केसला तिची उलटी केस जोडायची, आणि ती आठवड्याच्या आत घ्यायची. संत्र्याला पेट्रोल. तिथे अल्पकाळात मागणी ताठर, म्हणून कराचा बहुतेक बोजा पंपावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकावर. दोन्ही केसेसचे उतार एकाच तक्त्यात लिहायचे आणि विचारायचं, ‘दोन निकाल वेगळे का?’ सिद्धांत पहिल्या केसमध्ये दिसतो, पण कळतो तो दुसरीत.

आणि केसमधून काय सिद्ध होत नाही हे शिक्षकाने स्पष्ट सांगावं. अनुदान चांगलं की वाईट याचा निकाल आपल्या बसवलेल्या आकड्यांवरून देता येत नाही. यंत्रणा कशी चालते एवढंच दिसतं.

मृगबहार

तुरीवर कुणी काही केलंय का? भावाच्या हेलकाव्यासाठी ते पीक घ्यायला हवं.

आलेख

तुरीचा खेळ असा बसतो. निर्णयाची तारीख जून २०१६. मुलांना द्यायची माहिती: मागची दोन वर्षं पाऊस कमी, २०१५मध्ये तूरडाळ किरकोळीत २००च्या आसपास गेलेली, हवामान खात्याचा अंदाज सरासरीच्या १०६ टक्के, आणि त्या खरिपाचा हमीभाव बोनस धरून ५०५० रुपये. पुढचं काही द्यायचं नाही.

वीस गट, प्रत्येकाकडे १० एकर, तूर आणि सोयाबीनमध्ये वाटायचे. सोयाबीनचा नफा एकरी १५ हजार पक्का. तूर एकरी ४ क्विंटल, खर्च एकरी १२ हजार. तुरीचा भाव = १३,००० − ५० × (वर्गाने लावलेली एकूण एकरं). हे सूत्र मुलांना दाखवायचं नाही, मागच्या वर्षीचा भाव ११ हजार एवढंच सांगायचं. पहिल्या फेरीला जवळजवळ सगळे तूर लावतात. दोनशेच्या दोनशे एकर लागली तर भाव ३०००, नफा शून्य. दुसऱ्या फेरीला सगळे सोयाबीनकडे पळतात, वीसच एकर तूर राहिली तर भाव १२ हजार. समतोल १२५ एकरांवर, भाव ६७५०, कारण तिथे दोन्ही पिकांचा नफा सारखा. चौथ्या-पाचव्या फेरीत हेलकावे लहान होतात, कारण मुलं मागच्या भावाऐवजी शेजारच्या गटाचा अंदाज घेऊ लागतात. कॉबवेबची (मागच्या भावावरून पीक ठरवल्याने होणाऱ्या हेलकाव्यांची) आकृती इथे काढायची.

मग खरे आकडे: देशातलं तुरीचं उत्पादन २०१५-१६ला सुमारे २५.६ लाख टन, २०१६-१७ला ४८.७ लाख टन, आणि बाजारभाव हमीभावाच्या खाली. इथे एक सावधगिरी. खऱ्या घटनेत पाऊस सुधारला, आयातही होती. सगळं कॉबवेबच्या माथी मारू नका. उत्पादन वाढायला क्षेत्र किती कारणीभूत आणि एकरी उतारा किती, हे वेगळं काढायला गृहपाठ द्या.

बर्डी_ते_बुटीबोरी

सूक्ष्मलक्ष्यी (एकेका बाजाराचं) झालं, समग्रलक्ष्यीसाठी (अख्ख्या अर्थव्यवस्थेसाठी) पतधोरण समितीची, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या व्याजदर ठरवणाऱ्या समितीची, बैठक घ्या. रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच असलं तरी पोरांना रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) हा परग्रहावरचा विषय वाटतो.

तारीख ६ डिसेंबर २०२४. सहा सदस्य, गव्हर्नरांना निर्णायक मत, महागाईचं लक्ष्य ४ टक्के आणि वरखाली २. कागदावर तीनच आकडे: रेपो ६.५०, ऑक्टोबरची किरकोळ महागाई ६.२१ टक्के, जुलै-सप्टेंबर तिमाहीची वाढ ५.४ टक्के. महागाई मर्यादेबाहेर आणि वाढ मंदावलेली, म्हणून निर्णय खरोखर अवघड आहे. सहा-सहांचे गट, प्रत्येकाने लेखी मत आणि तीन ओळी कारण.

प्रत्यक्षात चार विरुद्ध दोन मतांनी रेपो तसाच राहिला, पण सीआरआर (बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा ठेवींचा हिस्सा) ४.५वरून ४ टक्क्यांवर आणला, त्यातून बँकांकडे सुमारे १.१६ लाख कोटी मोकळे झाले. सीआरआर हा पर्याय मुलांच्या यादीत नसतोच. तो शेवटी दाखवला की ‘पतधोरणाची साधने’ हा रटाळ धडा अचानक कामाचा होतो.

यात घोळ होतो तो तारखेचा. मुलं इंटरनेटवरून नोव्हेंबरची ५.४८ टक्के महागाई आणतात. ती जाहीर झाली १२ डिसेंबरला, बैठकीनंतर. वाढीचा ५.४ हा आकडाही पुढे सुधारला गेला. म्हणून प्रत्येक आकड्यापुढे ‘जाहीर झाल्याची तारीख’ असा रकाना ठेवा, आणि बैठकीनंतरचा आकडा वापरला तर त्या कारणाला गुण नाहीत हे आधीच सांगा.

दुसरी_बेंच

खूप उपयोग झाला. एकच राहिलं: १२० चिठ्ठ्या तपासायच्या कशा? अंतर्गत गुण द्यायचे तर निकष हवेत.

पाटीखडू

शेवटच्या चिठ्ठीला गुण देऊ नका, ताई. तिचे तीन ढीग करा: कारण बरोबर, निकाल बरोबर पण कारण नाही, दोन्ही चूक. वाचायचं फक्त ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ नंतरचं वाक्य. मधला ढीग सर्वांत मोठा असेल तर पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं त्याच प्रश्नावर. तिसरा मोठा असेल तर केसचा कागदच जड झालाय, त्यातली एक अट काढा.

गुण द्यायचे ते घरून आणलेल्या चार परिच्छेदांना, दहापैकी: निर्णय एका वाक्यात, १. आकृती, अक्षांची नावं आणि एककं धरून, ३. हिशेब, ३. गृहीतकं, म्हणजे कशामुळे हा निर्णय बदलेल, ३. गृहीतकांना तीन गुण ठेवले नाहीत तर ती कुणी लिहीतच नाही. वर्गात बोलण्याला गुण ठेवू नका. मराठी माध्यमातून आलेली, खेड्यातून रोज एसटीने ये-जा करणारी मुलं पहिले दोन महिने बोलत नाहीत, आणि संत्र्याच्या सौद्याबद्दल पुष्कळदा त्यांनाच जास्त ठाऊक असतं. त्यांच्याकडून चिठ्ठीवर घ्या, आणि नाव न सांगता ती फळ्यावर उतरवा.

रोजचे बाजारभाव पणन मंडळाच्या आणि अॅगमार्कनेटच्या संकेतस्थळावर नागपूरच्या कळमना बाजारासाठी मिळतात. केस बनवताना किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव तिन्ही उतरवा, सोबत आवकही. आवक नसलेला भाव केसमध्ये घेऊ नका. दोन पेट्यांच्या सौद्याचा कमाल भाव अख्ख्या बाजाराचा म्हणून फळ्यावर जाईल.